मुलांची मिशनरी शाळा, सक्तीची समाजसेवा आणि मार्क: दोन्ही एकत्र जमतं का?

नववीतल्याची_आई

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

मुलगा नववीत आहे. शाळा फक्त मुलांची, मिशनरी, ब्रदर लोक चालवतात. आम्ही ख्रिश्चन नाही, शाळा घेतली ती शिस्त आणि रिझल्ट बघून, खोटं कशाला बोला. यंदा नवीन प्रिन्सिपल आलेत आणि त्यांनी सोशल जस्टिस असा वेगळा तासच सुरू केलाय, आठवड्यातून दोनदा, शिवाय वर्षभरात चाळीस तास सेवा करायची, म्हणजे वृद्धाश्रमात जा, लहान मुलांचा अभ्यास घे वगैरे, त्याचं लॉगबुक भरायचं आणि सही आणायची. वर अ तुकडी ब तुकडी हा प्रकारच बंद करून टाकला, हुशार आणि कच्ची मुलं आता एकाच वर्गात. आणि फी माफीच्या जागा वाढवल्यात.

पालक सभेत जो काय गोंधळ झाला, विचारू नका. एक गृहस्थ उठून म्हणाले की आम्ही फी भरतो ती मुलांच्या अभ्यासासाठी, समाजसुधारणेसाठी नाही, आणि अर्ध्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मी गप्प बसले, पण धाकधूक मलाही आहे. आमचा गणितात बरा आहे, भाषेत मात्र नुसता आळस, निबंध चार ओळींचा. त्यात हे चाळीस तास कुठून काढायचे?

पुढच्या आठवड्यात परत सभा आहे. सामाजिक न्याय आणि अभ्यास या दोन गोष्टी एका शाळेत खरंच नांदतात की एकीसाठी दुसरीचा बळी जातो? अशा शाळांचा अनुभव असलेल्यांनी सांगा. धर्मावरून वाद नको प्लीज, तो दुसरीकडे भरपूर चालू असतो.

रोखठोक_बाबा

त्या सभेत मी असतो तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. शाळेचं काम शिकवणं. मुलगा चांगला शिकला, पायावर उभा राहिला की करेल चार लोकांचं भलं. चौदा वर्षांच्या पोराला वृद्धाश्रमात नेऊन फोटो काढायचे आणि वार्षिक अंकात छापायचे, यात कुणाला न्याय मिळाला? तुकड्या मोडणं तर त्याहून वाईट, ज्याला येतं तो बसतो वाट बघत आणि ज्याला येत नाही तो बसतो लाजत.

खडू_आणि_डस्टर

ताई, मी अशा शाळांमध्ये आयुष्यभर गणित शिकवलंय, सगळी मुलांचीच, त्यामुळे थोडं अधिकाराने बोलते.

रोखठोक यांचं फोटोबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. सेवेच्या तासांचं लॉगबुक ही काय चीज असते ते मी बघितलंय. टर्म संपायच्या आदल्या रात्री पोरं बसतात तीन वेगवेगळी पेनं घेऊन, म्हणजे शाई बदलली की वाटावं वेगवेगळ्या दिवशी लिहिलंय, आणि सही सगळ्यांची एकाच काकांची. एकाने तर महिन्यात नसलेल्या तारखेला सेवा केली होती. अशा तासांनी ना अभ्यास बुडत ना कुणाचं भलं होत, नुसती खोटं लिहायची प्रॅक्टिस होते.

पण तीच सेवा अभ्यासाला बांधली की चित्र पालटतं. आमच्याकडे नववीची मुलं धाकट्यांना अपूर्णांक शिकवायची. धाकट्याने लिहिलं की एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच. आता आमच्या नववीतल्या शहाण्याला उत्तर चुकलंय हे कळतं, पण का चुकलंय ते सांगता येईना. छेद समान कर म्हणाला. धाकटा म्हणतो, का पण? तेव्हा साहेब गप्प. मग घरून कागदाच्या पट्ट्या कापून आणल्या, एक अर्धी, एक तिसऱ्या हिश्श्याची, आणि मांडून दाखवलं की बघ, नुसत्या अर्ध्या पट्टीपेक्षाही तुझं दोन छेद पाच कमी भरतंय, मिळवल्यावर कमी कसं होईल? त्या पोराला माझ्या तासाला कधी असा प्रश्न पडला नव्हता, हे मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

आणि हा फक्त माझा अनुभव नाही. २०११ मध्ये अशा अभ्यासक्रमाला जोडलेल्या सेवेवरच्या ६२ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झालं, जवळपास १२ हजार विद्यार्थी होते त्यात, आणि अभ्यासातली प्रगतीसुद्धा वाढलेली दिसली. पण त्यातली मेख अशी की जिथे चार गोष्टी पाळल्या तिथे फायदा जास्त: काम धड्यांशी जोडलेलं, काय करायचं यात मुलांचं मत घेतलेलं, ज्यांच्यासाठी करतो त्या लोकांना सामील करून घेतलेलं, आणि नंतर बसून त्यावर बोललेलं किंवा लिहिलेलं. तेव्हा सभेत तास किती हा प्रश्न विचारूच नका, या चारातलं काय काय करताय ते विचारा. तुमचा चिरंजीव निबंधात आळशी आहे ना, त्याला वृद्धाश्रमातल्या एखाद्या आजोबांची मुलाखत घेऊन लिहायला लावली आणि भाषेच्या सरांनी ती तपासली तर तोच तास भाषेचाही झाला. नाही तपासली तर मात्र गेला वाया.

आकडेबोलू

मी यातला तज्ज्ञ नाही पण या विषयावर वाचलंय बरंच, म्हणून दोन्ही बाजूंच्या फुग्याला टाचणी लावतो.

"मिशनरी शाळेत रिझल्ट चांगला" हे आपण जे धरून चालतो ना, ते इतकं सरळ नाही. १९८० च्या दशकात जेम्स कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॅथलिक हायस्कूलांचा डेटा काढून सांगितलं की सरकारी शाळांपेक्षा इथली मुलं पुढे आहेत, त्यावर बरीच वर्षं वादावादी चालली, कारण उघड आहे, ज्या घरातून मुलं येतात ती घरंच वेगळी. पुढे २००५ मध्ये अल्टोन्जी, एल्डर आणि टेबर या अर्थशास्त्रज्ञांनी हा निवडीचा भाग वेगळा काढायचा प्रयत्न केला, तर शाळा अर्धवट न सोडता पूर्ण करण्याचं प्रमाण वाढतं याला चांगला पुरावा मिळाला, टेस्टचे मार्क वाढतात याला फारसा नाही. म्हणजे शाळेची खरी कमाई कुठे आहे? तर गळू शकणारं पोरगं न गळण्यात. पहिल्या नंबरच्या पोराचे मार्क शाळेने वाढवले की आईबापांनी, ते देव जाणे.

आता तुकड्यांचं. १९९३ मध्ये ब्राइक, ली आणि हॉलंड यांनी कॅथलिक हायस्कूलांवर मोठं काम केलं, त्यांना दिसलं की इथे गरीब आणि अल्पसंख्य मुलांमधली मागे पडण्याची दरी तुलनेने कमी आहे, आणि त्याचं एक कारण त्यांनी असं दिलं की या शाळांमध्ये निवडायला विषयच कमी होते, बहुतेक सगळ्यांना तोच अवघड अभ्यासक्रम करावा लागायचा. सोप्या विषयांची वेगळी वाट काढून कच्च्या पोरांना तिकडे वळवायचं, हे तिथे कमी. गंमत बघा, ऑप्शन देणं आपल्याला उदार वाटतं, पण त्या ऑप्शनने कोण कुठे जाऊन बसतं ते बघितलं की कळतं.

फक्त मुलांची शाळा म्हणून काही वेगळा फायदा? २०१४ ला १८४ अभ्यास, २१ देश आणि १६ लाख विद्यार्थ्यांचा डेटा एकत्र केलेलं विश्लेषण आलं, आणि काटेकोर अभ्यास वेगळे काढले तर मुलामुलींच्या वेगवेगळ्या शाळांचा फायदा नगण्य. तेव्हा त्या जोरावर कुणी मिरवू नये.

जुनी_पानं

रोखठोक बाबा, शाळेचं काम शिकवणं हे बरोबर, पण या शाळा मुळात कुणाला शिकवायला निघाल्या होत्या ते बघा की.

फ्रान्समधल्या रांस शहरात जाँ बाप्तिस्त दे ला साल नावाचा धर्मगुरू होता, खात्यापित्या घरचा. १६८० च्या सुमाराला त्याने गरिबांच्या पोरांना शिकवणारे मास्तर एकत्र केले. त्यातूनच ब्रदर लोकांची संस्था उभी राहिली, हे ब्रदर म्हणजे पाद्री नव्हेत, मास्तरच. लॅटिनऐवजी मुलांच्या बोलीत म्हणजे फ्रेंचमध्ये वाचन, एकेकाला बाजूला बोलावण्याऐवजी सगळ्या वर्गाला एकत्र शिकवणं, मास्तर तयार करायची शाळा, हे सगळं त्याने चालवलं. शिकवणं इतकं चांगलं झालं की पैसेवाल्यांची पोरंही यायला लागली, आणि मग पॅरिसमधल्या लेखनगुरूंच्या संघटनेने त्याला कोर्टात खेचलं, की फी भरू शकणाऱ्यांना हा फुकट शिकवतो, आमचं गिऱ्हाईक पळवतो. तुमच्या सभेतल्या गृहस्थांचे पूर्वज म्हणायचे ते!

आयर्लंडमधला एडमंड राइस तर व्यापारी. १७८९ मध्ये बायको गेली, त्याने पुढे १८०२ मध्ये वॉटरफर्डला एका तबेल्यात गरीब मुलांची शाळा काढली. नंतर मोठी इमारत झाली तिथे बेकरी आणि शिंप्याचं दुकानही ठेवलं, कारण उपाशी आणि उघड्या पोराला बाराखडी काय शिकवणार.

पण मला सगळ्यात आवडतो तो १९७३ चा प्रसंग. जेझुइट म्हणजे शाळा-कॉलेजं चालवणारा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ, त्यांचे प्रमुख पेद्रो अरुपे, हा माणूस १९४५ मध्ये हिरोशिमाजवळ होता, बॉम्ब पडल्यावर जखमींवर उपचार केलेले, तर ते स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात बोलायला उभे राहिले. समोर सगळे सुखवस्तू, यशस्वी लोक. अरुपेंनी त्यांनाच विचारलं की आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, आणि स्वतःच उत्तर दिलं की नाही, आम्ही नाही घडवलं. बरेच जण चिडले. "इतरांसाठी माणसं" हे जे जेझुइट शाळांच्या भिंतींवर लिहिलेलं असतं ते त्या भाषणातलं. म्हणजे ही काय तुमच्या प्रिन्सिपलची नवीन टूम नाही, पन्नास वर्षं हा वाद त्यांच्या घरातच चालू आहे.

आणि एक बाजू झाकून ठेवली तर ते बरं नव्हे. याच राइसने उभ्या केलेल्या ब्रदर लोकांच्या संस्थेने आयर्लंडमध्ये चालवलेल्या औद्योगिक शाळांमध्ये, म्हणजे मुलांना ठेवून घेणाऱ्या निवासी संस्थांमध्ये, अनाथ आणि गरीब मुलांवर किती वर्षं अत्याचार झाले ते २००९ च्या रायन आयोगाच्या अहवालात आहे. गरिबांसाठी शाळा काढली की आपोआप न्याय होत नाही. ज्या पोराच्या पाठीशी कुणी नाही त्याची तक्रार कोण ऐकतं, कुणाकडे लेखी जाते, हे कुठल्याही शाळेत पहिल्यांदा विचारा, मग बाकीचं.

शेवटचा_बेंच

मी अशाच एका शाळेतला फी माफीवाला. शाळेचं नाव सांगत नाही, सांगून काही होणार पण नाही.

आम्हाला दरवर्षी देणगीदाराला आभाराचं पत्र लिहायला लागायचं. चांगल्या अक्षरात, समास सोडून. सर तपासायचे, शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने काढायचे आणि परत लिहून आणायला लावायचे. इथपर्यंत ठीक हो, पण सगळ्यात चांगलं पत्र नोटीस बोर्डावर लावायचे, नावासकट. एका वर्षी माझं लावलं. "माझे वडील आजारी असल्यामुळे" अशी सुरुवात होती त्याची. मधल्या सुट्टीत अख्खी शाळा त्या बोर्डासमोरून जायची. त्यानंतर मी मुद्दाम घाण अक्षर काढायला लागलो, ते आजतागायत तसंच आहे. आणि त्याच कॉरिडॉरमध्ये पुढे फ्रेम केलेलं "इतरांसाठी जगा".

दुसरी गोष्ट, नववीत विषय निवडताना वरचं गणित की सोपं गणित असा पर्याय होता आणि मला कुणी विचारलंच नाही, सोप्यात नाव घातलेलं होतं, झेपणार नाही म्हणे. आकडेबोलू म्हणतात ना कोण कुठे जाऊन बसतं ते बघा, सोप्या गणिताच्या वर्गात आम्ही फी माफीवाले जवळजवळ सगळेच होतो. एक म्हातारे ब्रदर होते लायब्ररीत, त्यांनी माझं नाव काढून वरच्या गणितात घालायला लावलं आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर लायब्ररी उघडी ठेवायचे, मी आणि अजून पाचसहा पोरं, घरी बसायला जागा नाही अशी. ते शिकवायचे नाहीत काही, स्वतःचं वाचत बसायचे. नऊला दिवे बंद करायचे. मी इंजिनिअर झालो त्यात त्या दिव्यांचा वाटा सोशल जस्टिसच्या कुठल्याही तासापेक्षा मोठा आहे. ब्रदर न्याय हा शब्द कधी वापरत नसत, त्यांना बहुतेक वेळच नव्हता.

रोखठोक_बाबा

@शेवटचा_बेंच भाऊ, पत्राचं वाचून कसंतरी झालं. हे असं कुणाच्या मुलाबरोबर होऊ नये.

पण माझा मुद्दा अजून तिथेच आहे. लायब्ररी उघडी ठेवा, शिकवण्या घ्या, फी माफी द्या, मी त्यासाठी फी जास्त भरेन. तुकड्या का मोडायच्या? पंचेचाळीस पोरांच्या वर्गात एक शिक्षक, त्यात कुणाला बीजगणित येतं आणि कुणाला पाढे येत नाहीत. हे कसं चालतं ते खडूताईंनी सांगावं.

खडू_आणि_डस्टर

नाही चालत. नुसती तुकडी मोडून काहीच होत नाही, उलट तुम्ही म्हणता तसं दोन्हीकडून नुकसान होतं. एकत्र वर्ग करायचा तर त्याच्या आधी आणि नंतर वेळ द्यावा लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा आणि माणसं.

न्यूयॉर्कमध्ये लोअर ईस्ट साइडला जेझुइटांनी १९७१ मध्ये स्थलांतरितांच्या मुलांसाठी एक छोटी शाळा काढली, नेटिव्हिटी नावाची. तिथलं तंत्र म्हणजे वर्ग लहान, दिवस लांब, संध्याकाळी शाळेतच अभ्यास, उन्हाळ्यात कॅम्प, आणि मुलगा पुढच्या शाळेत गेला तरी त्याच्यामागे लागून राहायचं. नंतर कितीतरी शाळांनी तोच साचा उचलला. त्याच शहरात रीजिस म्हणून जेझुइटांचीच मुलांची शाळा आहे, १९१४ ची, एका विधवेच्या देणगीतून निघालेली आणि सुरुवातीपासून सगळ्यांना मोफत. पण प्रवेश परीक्षा इतकी कडक की फी नसली तरी गरिबाचं पोर तिथपर्यंत पोहोचणं अवघड, म्हणून त्यांनीच धाकट्या वर्गातली गरीब घरची मुलं हेरून सुट्टीत आणि शनिवारी त्यांची तयारी करून घ्यायचा उपक्रम चालवलाय. हे मला जास्त प्रामाणिक वाटतं, दार उघडं आहे म्हणून हात झटकले नाहीत, दारापर्यंतचा जिना पण बांधला.

आणि न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्क शहरातली सेंट बेनेडिक्ट्स, ख्रिस्ती मठवासी चालवतात ती शाळा. १९७२ मध्ये शाळा बंद पडली, शहराची वाट लागलेली, बरेच मठवासी सोडून गेले, उरलेल्यांनी वर्षभरात परत उघडली, आता आजूबाजूच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांसाठी. तिथे सकाळची हजेरी पोरंच घेतात, कुणी आलं नाही तर त्याच्या गटाच्या म्होरक्याने शोध घ्यायचा. पहिल्या वर्षाच्या पोरांना पन्नासहून जास्त मैल डोंगरातून चालत नेतात, गटाने, मागे पडलेल्याला सोडून पुढे जायचं नाही. (आमच्या वेळच्या पालकांनी असल्या ट्रेकला परवानगी दिली असती असं मला वाटत नाही, पण असो.) २०२० पासून मुलींचा विभागही आहे. मला त्यातलं एकच घ्यावंसं वाटतं: मागच्या बेंचवरचा गैरहजर आहे ही पुढच्या बेंचवरच्याची जबाबदारी. तसं असेल तर मिश्र वर्गात हुशार मुलगा वाट बघत बसत नाही, त्याला काम असतं.

आकडेबोलू

जोडीला शिकागोचं क्रिस्तो रे पण बघा, १९९६ ला सुरू झालेली जेझुइट शाळा, तिथे मात्र मुलगे मुली दोन्ही. चार विद्यार्थी मिळून एका ऑफिसातली एक नोकरी वाटून घेतात, प्रत्येकाला महिन्याला साधारण पाच दिवस काम, पगार थेट शाळेच्या खर्चाला. त्यामुळे आभाराच्या पत्राची भानगडच नाही, पोरगं स्वतः कमावून शिकतंय. त्याच्यावर टीका करायची तर करता येते, चौदा वर्षांच्या मुलाने नोकरी का करावी, श्रीमंताचा मुलगा करतो का. मलाही तो प्रश्न आहेच.

नववीतल्याची_आई

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार, आणि शेवटचा_बेंच दादा, तुमचं वाचून मी मुलाला विचारलं की तुमच्या शाळेत फी माफीवाली मुलं कोण ते माहीत आहे का, तर म्हणाला हो, सगळ्यांना माहीत आहे, त्यांना पुस्तकं ऑफिसमधून मिळतात, वेगळ्या रांगेत उभं राहून. हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं.

सभेत विचारायचे प्रश्न लिहून काढतेय. तासांऐवजी सेवेचं काम कुठल्या विषयाला जोडलंय आणि तपासणार कोण. मिश्र वर्गासाठी जादा शिक्षक किती, शाळा सुटल्यावर खोली उघडी राहणार का. वरच्या गणिताला कोण बसणार ते कोण ठरवतं. मुलांची तक्रार कुणाकडे जाते. आणि ती रांग. त्या टाळ्यावाल्या गृहस्थांनाही आधी भेटून हे दाखवावं म्हणतेय, कारण यातले निम्मे प्रश्न त्यांचेपण असतील.

रोखठोक_बाबा

नक्की भेटा. आणि यादीत अजून एक टाका, गेल्या पाच वर्षांत शाळेने नववी-दहावीच्या मध्ये किती पोरांना "दुसरी शाळा बघा" म्हणून दाखला हातात दिला. रिझल्ट शंभर टक्के लागतो तो कितीदा असाच लागतो, हे मला एका क्लासवाल्याने सांगितलंय.

शेवटचा_बेंच

हो, हे विचाराच. आणि तोंडी आकडा सांगितला तर रजिस्टर दाखवा म्हणा.